ओसरीवरची शिफारस

एखाद्या जुन्या नगर वाचनालयाचे दफ्तर उघडून पाहावे, तर कोणत्या वर्गणीदाराने कोणती कादंबरी कोणत्या तारखेस नेली, ती किती दिवस घरी ठेवली आणि मुदत टळल्यावर त्याला तगाद्याचे पत्र गेले की नाही, ही सारी हकीकत कारकुनाच्या वळणदार अक्षरांत बिनचूक सापडते. परंतु तीच कादंबरी त्याने का मागितली, ती वाचण्याजोगी आहे हे त्याला कोणी, कोठे आणि कोणत्या शब्दांत सांगितले, याची नोंद त्या दफ्तरात कोठेही नसते. मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणारांनी परीक्षणे चाळली, आवृत्त्या मोजल्या आणि लेखकांची चरित्रे धुंडाळली, ते योग्यच झाले. पण या नोंद न झालेल्या संभाषणाचा विचार केल्यावाचून त्या इतिहासातील एक प्रश्न सुटत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या कित्येक कादंबऱ्या दहा वर्षांत कपाटाच्या मागच्या रांगेत का गेल्या, आणि परीक्षकांनी नाके मुरडलेल्या काही कादंबऱ्या तीन-तीन पिढ्यांच्या हाती का फिरत राहिल्या, हा तो प्रश्न. याचा उलगडा मित्राने मित्राला, जावेने जावेला आणि मास्तरांनी आवडत्या विद्यार्थ्याला केलेल्या तोंडी शिफारशीत शोधावा लागतो.

ही चाल छापखान्याबरोबर आली असे मानण्याचे कारण नाही. चातुर्मासात वाड्याच्या ओसरीवर श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' लावला जाई, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे वीस-पंचवीस असत. अध्याय संपला की पोथी बासनात जाई, पण श्रोते लगेच उठत नसत. द्रौपदीचे चुकले की धर्मराजाचे, या वादात रात्रीचा प्रहर उलटे, आणि अमक्या गावचा पुराणिक हा प्रसंग अधिक रंगवून सांगतो, अशी माहितीही तेथेच मिळे. कथेविषयी मत असणे आणि ते चारचौघांत बोलून दाखवणे ही आपल्या समाजाची पुरातन सवय आहे. छापील कादंबरी आली तेव्हा तिला ही आयती बैठक मिळाली. फरक पडला तो इतकाच की पोथीची निवड परंपरेने करून ठेवलेली होती, आणि कादंबरीची निवड ज्याची त्याने करावयाची होती.

निवडीचा हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो वाचनालयांत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधले, नाशिकचे १८४० मधले, पुण्याचे 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने १८४८ मध्ये निघालेले आणि कोल्हापूरचे १८५० मधले. यांच्या स्थापनेत इंग्रज अंमलदारांचा हात बहुधा असे, आणि पहिले वर्गणीदार म्हणजे मुनसफ, मामलेदार, शिरस्तेदार, वकील, शाळाखात्यातील डेप्युटी अशी कचेरीतील मंडळी. पुण्याच्या संस्थेमागे लोकहितवादींचा पुढाकार होता, आणि ज्या बुधवार वाड्यात पेशवाईचे ऐश्वर्य नांदले होते, त्याच वाड्यात ती भरू लागली. तो वाडा १८७९ च्या आगीत भस्मसात झाला. कचेरी सुटल्यावर मंडळी वर्तमानपत्रे पाहण्यास येत, आणि वर्तमानपत्र पाहून झाल्यावर जे बोलणे होई, त्यात पुस्तकांचा विषय हळूहळू शिरला. त्या काळी पुस्तकाची शिफारस करणे हे मुख्यतः सरकारचे काम समजले जाई. दक्षिणा प्राइझ कमिटी बक्षीस देई, शाळाखाते प्रती विकत घेई, आणि लेखकही ग्रंथाच्या प्रारंभी वा शेवटी आगाऊ पैसे भरणाऱ्या आश्रयदात्यांची नावे हुद्द्यांसह छापून आपल्या ग्रंथाची प्रतिष्ठा सिद्ध करी. या याद्या आज कोणी वाचत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांत एकाच गावचे, एकाच कचेरीतले चार-पाच लोक ओळीने आढळले की, एका स्नेह्याने आपल्या बरोबरीच्यांना 'तुम्हीही घ्या' असे सांगितले असावे, हे कोणी न सांगताही कळते.

कादंबरी म्हणून जे वाचावयाचे, ते आरंभी थोडेच होते. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये निघाली. विधवांच्या हालअपेष्टांचे वास्तव चित्र तीत होते, पण तिच्यातील धर्मप्रचारामुळे कित्येक घरांचे दार तिला बंद राहिले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये आली, आणि या दोहोंनी वाचकवर्गाला वेड लावले. राजपुत्र, भुयारे, कपटी प्रधान, चुकून दूर झालेली आणि योगायोगाने भेटलेली प्रेमिके, ही सर्व सामग्री वाचकाच्या पूर्वपरिचयाची होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टींनी तिची गोडी याच सुमारास लावली होती. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहून शिवकालाकडे दृष्टी वळवली, आणि पुढच्याच वर्षी काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या आपल्या निबंधात या सगळ्या अद्भुत कारभाराची झडती घेतली. मराठ्यांचा निबंध विद्वानांनी वाचला. 'मंजुघोषा' सर्वांनी वाचली. इंग्रजी येणारांची स्थितीही याहून निराळी नव्हती. महाविद्यालयात शेक्सपिअर आणि मिल्टन यांचे पाठ घेऊन आलेला पदवीधर घरी रेनॉल्ड्सच्या लंडनच्या रहस्यकथा उशाशी घेऊन निजे. ज्या रेनॉल्ड्सला त्याच्या देशातील विद्वानांनी पंक्तीला बसू दिले नाही, तो हिंदुस्थानातील वाचनालयांत सर्वांत अधिक मागणी असलेल्या लेखकांपैकी एक होता, आणि ती मागणी कोणत्याही क्रमिक पुस्तकाने वा परीक्षणाने निर्माण केलेली नव्हती.

या संभाषणाच्या वर्तुळाबाहेर कोण होते, हेही येथेच सांगणे प्राप्त आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध केली, तेव्हा तत्कालीन नाटके व कथा रचणारांनी स्त्रीजातीचे जे चित्र रंगवले होते त्याचाही त्यांनी खरपूस समाचार घेतला. वाचनालयाच्या बाकावर ज्या लेखनाची वाहवा होई, ते लेखन एका वऱ्हाडी स्त्रीने आपल्या घरी बसून कसे वाचले, याचा हा पुरावा. आणि मला तो त्या दशकातील पुष्कळ परीक्षणांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, ग्रंथकारांच्या सभेस यावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी निमंत्रण धाडले असता जोतीराव फुल्यांनी ते नाकारले. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांचे दुःख उतरलेले नाही, त्यांच्या मंडळीत बसून आम्ही काय करावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. सभा भरली, ठराव झाले. पण जोतीरावांच्या पत्राला खरे उत्तर मिळण्यास पुढे कित्येक दशके लागावयाची होती.

हरि नारायण आपट्यांपाशी आले की या इतिहासाला भर येतो. हरिभाऊ हे स्वतः लेखक होण्यापूर्वी अट्टल वाचक होते, आणि वाचलेल्या गोष्टीविषयी गप्प राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर त्यांचे शिक्षक. त्याच आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे रूपांतर केले, तेव्हा या विशीतल्या शिष्याने 'निबंधचंद्रिके'त त्याच्यावर ७२ पृष्ठांची टीका लिहिली. गुरूच्या ग्रंथावर शिष्याने इतका कागद खर्चावा, यात उद्धटपणा पाहणारे त्या काळीही असतील. मला त्यात वाङ्मयाविषयीच्या संभाषणाची खरी भूक दिसते. समोरासमोर बोलून जे संपले नाही, ते त्याने लिहून पुरे केले.

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. यमू नावाच्या मुलीने आपल्याच तोंडाने सांगितलेली ही कहाणी तीन वर्षे दर आठवड्याला थोडी थोडी घरात येत राहिली, या गोष्टीचे महत्त्व पुस्तकरूपाने ती एका बैठकीत वाचणाऱ्यास सहसा उमगत नाही. पुस्तक एकदा संपते. साप्ताहिकातील कथा मात्र सहा दिवस अपुरी राहते, आणि त्या सहा दिवसांत ती वाचकांच्या ताब्यात असते. यमूच्या सासरी आता काय होईल, शंकरमामंजींसारखा माणूस आपल्या पाहण्यात आहे की नाही, हे बोलणे विहिरीवर, माजघरात, देवळाच्या आवारात चाले. आणि ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती, त्यांना ती असलेल्या सुनेने वा शाळकरी मुलाने अंक वाचून दाखवावा, अशी रीत पडली. एक अंक पाच घरे हिंडून परत येई तो हळदीच्या बोटांनी पिवळा होऊन. पोथीच्या बैठकीतील ऐकणारांत स्त्रिया होत्याच, पण निवाडा बहुधा पुरुषांचा चाले. 'करमणुकी'च्या वाचनात प्रथमच असे घडले की कथेतील गोष्ट खरी की खोटी, हे सांगण्याचा अधिकार बायकांकडे गेला, कारण केशवपनाचे, सासुरवासाचे आणि बालविवाहाचे ज्ञान त्यांच्याजवळ होते व परीक्षकांजवळ नव्हते. या कादंबरीची कीर्ती ज्या साक्षीवर उभी राहिली, ती साक्ष माजघरातली आहे.

काशीबाई कानिटकरांचे नाव येथे घ्यावे लागते. १८६१ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, आणि वाचावयास शिकले पाहिजे ही पतीची इच्छा व ते करू नये ही घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा, अशा कात्रीत त्यांनी अक्षरे गिरवली. गोविंदराव कानिटकर स्वतः साहित्याचे व्यासंगी. 'हॅम्लेट'चे त्यांनीही 'वीरसेन' नावाने रूपांतर केले होते. या दांपत्याचा आणि हरिभाऊंचा स्नेह जडला, आणि काशीबाई व हरिभाऊ यांच्यामध्ये वाचलेल्या व लिहिलेल्या गोष्टींविषयी पत्रे जाऊ-येऊ लागली. परक्या पुरुषाने एका विवाहित स्त्रीला कादंबऱ्यांविषयी पत्रे लिहावी, तिने त्यांना उत्तरे द्यावी आणि पतीने त्यात कौतुक मानावे, ही घटना त्या पुण्यात किती अपूर्व होती हे आज पटवून द्यावे लागते. काशीबाईंनी डॉक्टर आनंदीबाई जोश्यांचे चरित्र १८८९ मध्ये प्रसिद्ध केले, 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, आणि उत्तरायुष्यात हरिभाऊंची पत्रे छापून तो स्नेह लोकांपुढे मांडला. वाङ्मयीन मैत्रीचा मराठीतील पहिला ठळक दाखला शोधावयाचा तर तो या पत्रांत शोधावा. आणि तो एका स्त्रीच्या व एका पुरुषाच्या मैत्रीचा आहे, हे आपल्या इतिहासाला भूषणावह आहे.

विद्वानांच्या दरबारात कादंबरीला आसन मिळाले ते याच सुमारास. १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'ग्रंथमाले'त 'कादंबरी' हा निबंध लिहिला आणि मराठी कादंबरीला युरोपातील थोर कादंबरीकारांच्या शेजारी उभे करून तिची उंची मोजली. सनदा आणि कागदपत्रे यांच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या या करड्या माणसाने कादंबऱ्या इतक्या आवडीने वाचल्या होत्या, हे पाहून आश्चर्य वाटते; पण निबंध वाचताना वाटते ते असे की, हा संशोधक लिहीत नसून जेवण झाल्यावर सुपारी कातरत एखाद्या स्नेह्याला ठणकावून सांगत आहे. अतिशयोक्ती, एकांगी आवडनिवड आणि त्यांच्या तळाशी असलेली अचूक नजर, हे खासगी बोलण्याचे तिन्ही गुण त्यात आहेत.

वाचनालयेही आता बदलत होती. विनायक लक्ष्मण भाव्यांच्या खटपटीने १८९३ मध्ये ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि १८९८ मध्ये मुंबईस दुसरे; केवळ मराठी ग्रंथांकरिता संस्था असावी ही कल्पनाच नवी होती. चालकांचा हेतू ज्ञानप्रसाराचा, आणि वर्गणीदारांचा ओढा कादंबऱ्यांकडे. त्यामुळे देवघेवीच्या आकड्यांत इतिहास, तत्त्वज्ञान, कृषी ही सदरे दीनवाणी दिसत आणि कादंबऱ्यांचे सदर ऐटीत मिरवे. अहवाल लिहिणारे चिटणीस याविषयी दरसाल हळहळत, आणि पुढील साली पुन्हा कादंबऱ्याच अधिक खरेदी करीत. गिरगाव-दादरच्या चाळींतून निघालेल्या लहानसहान फिरत्या लायब्रऱ्यांना तर असली हळहळ परवडणारी नव्हती. थोडी अनामत आणि महिन्याची किरकोळ वर्गणी घेऊन चालणाऱ्या त्या खोलीवजा दुकानांत मालक हाच ग्रंथपाल, आणि त्याचे ज्ञान असे की कोणत्या बिऱ्हाडाला काय रुचते हे तो पुस्तक न उघडता सांगे. १९१३ मध्ये आलेली नाथमाधवांची 'वीरधवल' या लायब्रऱ्यांतून हातोहात गेली. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळे झालेल्या या लेखकाने अंथरुणावर पडून रचलेली ती अद्भुत सृष्टी, चाळीच्या गॅलरीत दाटीवाटीने निजणाऱ्या माणसांना आपली वाटली, यात नवल नाही. पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी याच दुकानांत राज्य केले. अभिजात वाङ्मयाविषयी बोलताना ही नावे घेऊ नयेत असा शिष्टसंकेत आहे. परंतु वाचनाची गोडी ज्याला अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंजार यांनी लावली, त्यालाच पुढे कोणी तरी स्नेह्याने हरिभाऊंची 'उषःकाल' हाती दिली, असे अनेकांच्या बाबतीत घडले, आणि पायऱ्या गाळून कोणी माडीवर चढत नाही.

मुंबई-पुण्याबाहेर या व्यवहाराला निरनिराळी वळणे होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणवून सार्वजनिक ग्रंथालयांची सबंध व्यवस्था उभारली. पेट्यांत भरून खेडोपाडी जाणारी फिरती वाचनालये तीत होती, आणि मराठी पुस्तके गुजराथी मुलखात अशी राजाश्रयाने हिंडत. निजामाच्या मुलखातील हकीकत याच्या नेमकी उलट. तेथे सभेला पूर्वपरवानगी लागे, 'गस्ती निशाण ५३' या हुकुमाची दहशत होती, राजभाषा आणि शिक्षण उर्दूत. अशा स्थितीत परभणीच्या गणेश वाचनालयासारखी संस्था म्हणजे नुसते पुस्तकांचे कपाट नव्हते. मराठी कादंबरीविषयी चार माणसांनी एकत्र बसून बोलणे हेच तेथे एक सार्वजनिक कार्य होते. पुण्यात जी गोष्ट रिकामपणाचा उद्योग म्हणून हिणवली जाई, ती मराठवाड्यात करताना दाराकडे लक्ष ठेवावे लागे.

१९२० नंतरचा काळ वादाचा. १९२३ मध्ये पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झाले. रविवारी चहापानास जमून एकमेकांच्या कविता ऐकावयाच्या, हा त्याचा क्रम. मंडळ कवींचे, पण त्याने एक फॅशन पाडली: साहित्यावर बोलण्यासाठी वार, वेळ आणि चहा ठरवून जमणे. कादंबरीच्या बाबतीत हे काम महाविद्यालयांच्या वसतिगृहांनी केले. वामन मल्हार जोश्यांच्या 'रागिणी'ने कादंबरीतील पात्रे तत्त्वज्ञानावर वाद घालू शकतात हे १९१५ मध्येच दाखवले होते. १९३४ च्या 'इंदू काळे व सरला भोळे'मध्ये तर त्यांनी सबंध कथानक पत्रांतून उलगडले, आणि कला व नीती यांचा संबंध काय, हा प्रश्न त्या पत्रांतून स्नेहीजनांच्या बोलण्यातच ठेवला. वाचकांच्या बैठकीतले संभाषण उचलून कादंबरीत घातल्याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

पण ज्या वादाने प्रत्येक खोलीत दोन तट पाडले, तो फडके-खांडेकरांचा. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक. 'जादूगार', 'दौलत' यांची रेखीव बांधणी, नीटनेटका संवाद आणि प्रसन्न प्रणय यांनी तरुण पिढी मोहून गेलेली. वि. स. खांडेकर १९२० पासून शिरोड्यासारख्या कोकणातील लहान गावी शाळामास्तर. 'उल्का' व 'दोन ध्रुव' या १९३४ च्या कादंबऱ्यांतून ध्येयवाद, दारिद्र्य आणि अलंकारांची आतषबाजी यांचे मिश्रण घेऊन ते आले. कला कलेसाठी की जीवनासाठी, हे त्या वादाचे पुस्तकी नाव. मासिकांनी तो गंभीरपणे चालवला, आणि आज ते लेख वाचवत नाहीत. वसतिगृहात मात्र हा वाद म्हणजे माणसाची पारख होती. 'दौलत' आवडते म्हणणारा चैनी ठरे, 'उल्का' वाचून डोळे पुसणारा भाबडा ठरे. आणि दोघेही परीक्षा संपताच आपापली पुस्तके एकमेकांना देऊन 'निःपक्षपातीपणे वाचून पाहा' असे सांगत. या देवघेवीत परस्परांचे मन वळले असे क्वचितच होई. तथापि तिचा लाभ असा झाला की, कादंबरी आवडली वा न आवडली एवढे म्हणून भागत नाही, तिच्या रचनेविषयी आणि आशयाविषयी कारणे द्यावी लागतात, ही शिस्त एका पिढीला लागली. वर्गात ती शिकवली गेली असती, तर इतकी मुरली नसती.

१९३३ मध्ये याहून मोठा धुरळा उडाला. 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला आणि शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातील गोष्टी छापील कागदावर आल्या. पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर' कादंबरी आली. निषेध झाले, सभा झाल्या, आणि सर्वांत मोठी चर्चा झाली ती लेखिका कोण याची, किंबहुना ती लेखिका आहे की लेखक याची. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी नाव पोटात ठेवले. बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, याच त्या विभावरी, हे कालांतराने उघड झाले. दरम्यान पुस्तकाचे जे वाचन झाले ते बरेचसे चोरून. मुलींच्या वसतिगृहात क्रमिक पुस्तकाचे वेष्टन चढवून ते एकीकडून दुसरीकडे जाई, आणि बरोबर काही बोलणे जाण्याची आवश्यकता नसे, कारण ते मैत्रिणीने दिले यातच सर्व अभिप्राय आला. सभेत निषेध करणाऱ्या किती सद्गृहस्थांच्या घरी ते गादीखाली होते, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

या मोटे यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ मध्ये त्यांनीच प्रकाशित केली: महायुद्धाच्या छायेत युरोपातून निघालेली बोट, तीवरील चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. बेडेकरांनी अशी दुसरी कादंबरी लिहिली नाही, आणि या एकीला प्रचारकाची गरज पडली नाही. तिचा प्रत्येक वाचक आणखी दोघांच्या मागे लागतो. उत्तरायुष्यात मोटे यांनी 'विश्रब्ध शारदा' या नावाने लेखक, नट, गायक, विद्वान यांच्या खासगी पत्रव्यवहाराचे खंड सिद्ध केले. छापील परीक्षणात जो माणूस सावधपणे तोलून-मापून लिहितो, तोच पोस्टकार्डावर किती मोकळा होतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ते खंड पाहावे.

शिफारशीला भाषेचीही सीमा नसते. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि मराठी घरांत बंगाली सुना-मुली नांदू लागल्या. इतक्या की कित्येक वाचकांना शरद्बाबू मराठी नाहीत हे ऐकून क्षणभर अडखळावयास होई. उलट दिशेने खांडेकर गोपाळराव विद्वांसांच्या हस्ते गुजराथीत गेले आणि का. श्री. श्री. यांच्या हस्ते तमिळमध्ये, आणि मद्रासकडील वाचकांनी त्यांना आपल्या घरचे मानले.

जोतीरावांच्या पत्राचा धागा वर सोडला होता. १९५९ मध्ये अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला ती अर्पण केलेली, आणि तिला प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. शाळेत दोन दिवसही धड न टिकलेल्या, मुंबईच्या कामगार वस्तीत राहिलेल्या मांग समाजातील लेखकाची कादंबरी, त्या घटकेच्या सर्वांत लोकप्रिय मराठी कादंबरीकाराने वाचकांच्या हाती दिली, आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. खांडेकरांची स्वतःची 'ययाति'ही १९५९ चीच. कामगार वस्तीत 'फकिरा'ला मात्र प्रस्तावनेची जरूर नव्हती. शाहीर म्हणून ज्याचा आवाज लोकांनी ऐकला होता, त्याची कादंबरी एकाने वाचावी आणि दहांनी ऐकावी, असे तेथे होई; ओसरीवरची जुनी पोथीची रीत चाळीच्या पटांगणात पुन्हा आली, आणि या वेळी ऐकणारे ते होते ज्यांना पूर्वी ओसरीच्या खाली उभे राहावे लागे.

१९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे या पंचविशीतल्या तरुणाची 'कोसला' छापली, रा. ज. देशमुखांचा आग्रह नसता तर ती लिहून झाली असती की नाही याची शंकाच आहे. खानदेशातून पुण्यास शिकावयास आलेल्या पांडुरंग सांगवीकराची ती कहाणी वडीलधाऱ्या वाचकांपैकी कित्येकांना असंबद्ध बडबड वाटली, आणि वसतिगृहांतील मुलांनी ती पाठ केली. फडके-खांडेकरांच्या वादावर पोसलेले प्राध्यापक वर्गात तिची चिकित्सा करीत, तोवर मागच्या बाकावर तिच्यातील वाक्ये परवलीच्या शब्दांसारखी वापरली जात होती. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, गिरगावातील मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' मासिक काढले. पुस्तकांची वार्ता, लेखकांच्या हालचाली, कोणी काय वाचले आणि कोणाला काय रुचले नाही, असा सगळा मजकूर त्यात असे. आणि 'ठणठणपाळ' हे नाव धारण करून जयवंत दळवी 'घटका गेली, पळे गेली' या सदरात थोरामोठ्या साहित्यिकांच्या अशा काही फिरक्या घेत, की आजवर पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून हलक्या आवाजात बोलावयाची गोष्ट लोक आता वर्गणी भरून पोस्टाने घरी मागवू लागले.